घड्याळातला चौथा काटा नेमकी कुठली वेळ दाखवतो? आणि तो 'चुकतो' तेव्हा काय करायचं?

पुण्यात रात्रीचे साडेआठ वाजलेत. न्यू जर्सीत राहणारी मुलगी आता ऑफिसमध्ये असेल, घरी असेल की झोपेत असेल? दुबईतल्या भावाचं जेवण झालं असेल का? लंडनच्या टीमसोबतची मीटिंग आज साडेचारला आहे की साडेपाचला?

परदेशाशी रोजचा संबंध असणाऱ्या लाखो मराठी घरांत हा हिशेब सतत सुरू असतो. तो एका नजरेत कळावा म्हणून काही मनगटी घड्याळांमध्ये तास, मिनिट आणि सेकंद यांच्या जोडीला आणखी एक काटा दिलेला असतो. बऱ्याचदा तो लाल किंवा केशरी रंगाचा असतो आणि त्याच्या टोकाला छोटा बाण असतो. यालाच 'जीएमटी काटा' म्हणतात.

पण हे घड्याळ हातात आल्यावर अनेकांचा गोंधळ उडतो. काटा भलत्याच आकड्यावर उभा दिसतो, बारा तास उलटी वेळ दाखवतो किंवा बरोबर अर्ध्या तासाने चुकतो. घड्याळ बिघडलंय असं वाटून ते दुरुस्तीला नेलं जातं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा बिघाड नसतोच, सेटिंग चुकलेलं असतं. भारतात राहणाऱ्यांसाठी तर यात एक खास अडचण आहे, जी घड्याळासोबतच्या माहितीपुस्तिकेत सहसा लिहिलेली नसते.

हा काटा आला कुठून?

जीएमटी म्हणजे ग्रीनिच मीन टाइम. लंडनमधल्या ग्रीनिचमधून जाणारं रेखावृत्त शून्य अंश मानायचं, असं १८८४ साली वॉशिंग्टनमध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलं. पुढे जगभरातल्या वेळा ग्रीनिचच्या 'इतकी पुढे' किंवा 'इतकी मागे' अशा मोजल्या जाऊ लागल्या. आता त्यासाठी यूटीसी हे अधिक अचूक प्रमाण वापरलं जातं, पण रोजच्या वापरात दोन्हींमध्ये फरक जाणवत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर लांब पल्ल्याचा विमान प्रवास वाढला. वैमानिकांना एकाच वेळी दोन वेळा माहीत असणं गरजेचं होतं. एक, जिथे उतरायचं तिथली आणि दुसरी, ज्या वेळेत उड्डाणाच्या नोंदी होतात ती ग्रीनिचची. १९५३ मध्ये ग्लायसिन या स्विस कंपनीने २४ तासांची तबकडी असलेलं 'एअरमॅन' हे घड्याळ आणलं. १९५५ मध्ये रोलेक्सचं 'जीएमटी-मास्टर' आलं. पॅन अमेरिकन या विमान कंपनीच्या वैमानिकांची गरज त्यामागे होती. त्याच्या कडेची निळी-लाल कडी आजही ओळखली जाते. लाल भाग दिवसाचा आणि निळा रात्रीचा.

म्हणजे हा काटा जन्माला आला तो कामाचं साधन म्हणून. आजही विमानांचं वेळापत्रक आखताना आणि जहाजांवर दिशादर्शन व रेडिओच्या नोंदी ठेवताना यूटीसी वापरली जाते. जहाज पूर्वेला किंवा पश्चिमेला जात राहतं तशी जहाजावरची घड्याळं पुढे-मागे केली जातात, नोंदींची वेळ मात्र बदलत नाही. मर्चंट नेव्हीत काम करणाऱ्यांना दोन वेळांचा हा संसार चांगलाच परिचित असतो.

हा काटा वाचायचा कसा?

साधा तास काटा दिवसात दोन फेऱ्या मारतो. जीएमटी काटा दिवसात एकच फेरी मारतो, म्हणजे त्याचा वेग तास काट्याच्या निम्मा असतो. म्हणून तो १ ते १२ या आकड्यांवर वाचायचा नसतो. त्यासाठी तबकडीच्या कडेला किंवा बाहेरच्या गोल कडीवर १ ते २४ असे वेगळे आकडे असतात. या कडीला 'बेझल' म्हणतात.

या मापावर २४ वर असतो, जिथे एरवी १२ असतो. ६ हा आकडा साध्या ३ च्या जागी येतो, १२ हा साध्या ६ च्या जागी आणि १८ हा साध्या ९ च्या जागी. काटा १८ वर असेल तर तिथे संध्याकाळचे सहा वाजलेत. काटा ६ वर असेल तर पहाटेचे सहा. दिवस की रात्र, हा प्रश्नच उरत नाही, आणि या काट्याचा खरा फायदा तोच आहे.

यात लक्षात ठेवायची मुख्य गोष्ट अशी: दुसऱ्या देशाची वेळ सांगणारा तास काटा वेगळा आहे, पण मिनिट काटा मात्र एकच आहे. दोन्ही देशांसाठी मिनिटं तीच धरलेली आहेत. पुढच्या बऱ्याचशा गोंधळाचं मूळ इथेच आहे.

तुमचं घड्याळ कोणत्या प्रकारचं?

सेटिंगला हात लावण्याआधी हे ओळखायला हवं, कारण दोन प्रकारांत कृती वेगळी आहे.

पहिला प्रकार 'कॉलर जीएमटी'. शर्टाची कॉलर नव्हे, फोन करणारा या अर्थाने. यात चावी पहिल्या टप्प्यापर्यंत बाहेर काढून फिरवली की २४ तासांचा काटा एकेक तासाने पुढे सरकतो आणि मुख्य वेळेला धक्का लागत नाही. एकाच शहरात राहून दुसऱ्या देशाशी बोलणाऱ्यांसाठी हा प्रकार सोयीचा. सेकोने २०२२ मध्ये आणलेली 'सेको ५ स्पोर्ट्स जीएमटी' ही घड्याळं या प्रकारातली आहेत.

दुसरा प्रकार 'ट्रॅव्हलर' किंवा 'फ्लायर' जीएमटी. यात चावी मधल्या टप्प्यावर असताना मुख्य तास काटाच एकेक तासाने उडी मारतो. मिनिट काटा आणि २४ तासांचा काटा आपल्या जागी चालत राहतात. विमानातून उतरलं की स्थानिक वेळ लावायची आणि घरची वेळ २४ च्या काट्यावर तशीच ठेवायची, अशी ही रचना आहे. रोलेक्सचं 'जीएमटी-मास्टर २' याच प्रकारातलं.

ओळखायची सोपी पद्धत: चावी मधल्या टप्प्यावर आणून दोन्ही दिशांना हळूच फिरवा. बाणाचा काटा उड्या मारत असेल तर कॉलर, नेहमीचा तास काटा उड्या मारत असेल तर ट्रॅव्हलर. ही चाचणी रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेत करू नका. कारण पुढे येईलच.

तिसराही एक प्रकार आहे, आणि सर्वाधिक गैरसमज त्याच्याबद्दल आहेत. अनेक क्वार्ट्झ क्रोनोग्राफ घड्याळांत मुख्य तबकडीवर २४ आकड्यांची एक छोटी गोल तबकडी असते. तिच्यातला काटा बहुतेक वेळा मुख्य तास काट्याला कायमचा जोडलेला असतो. तो फक्त इथे सकाळ आहे की संध्याकाळ एवढंच सांगतो. तो स्वतंत्रपणे हलत नाही आणि हलवता येणारही नाही. म्हणजे तो बिघडलेला नसतो, मुळात दुसऱ्या देशाची वेळ दाखवण्यासाठी तो बनवलेलाच नसतो. विकत घेण्यापूर्वी दुकानात विचारायचा प्रश्न हाच: 'हा काटा वेगळा सेट होतो का?'

आत काय घडतं?

तबकडीखाली तास काट्याचं चाक बारा तासांत एक फेरी पूर्ण करतं. त्याला जोडलेल्या दातेरी चाकांमुळे तो वेग निम्मा होऊन २४ तासांच्या काट्यापर्यंत पोहोचतो. कॉलर असो वा ट्रॅव्हलर, स्वतंत्र हलणाऱ्या काट्याखाली चांदणीसारख्या दात्यांची एक चकती आणि तिच्यात अडकणारी छोटी स्प्रिंग असते. चावी फिरवली की स्प्रिंग एका दात्यातून सुटून दुसऱ्यात बसते आणि काटा नेमका एक तास सरकतो. बोटाला जाणवणारा 'टक' असा झटका त्याचाच.

म्हणूनच बहुतेक जीएमटी घड्याळांत हा काटा पूर्ण तासाच्याच पटीत हलतो. अर्ध्या तासावर थांबवायची सोय त्यात नसते.

भारतातली खरी अडचण: तो अर्धा तास

भारतीय प्रमाणवेळ यूटीसीपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. ती ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. मुंबईकरांना दोन वेळांचा अनुभव तेव्हापासूनचा आहे. शहराची जुनी 'मुंबई वेळ' प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होती आणि ती १९५५ पर्यंत वापरात राहिली.

ज्या देशांची वेळ ग्रीनिचपासून पूर्ण तासांच्या अंतरावर आहे, त्यांच्यात आपसात मिनिटं सारखीच असतात. न्यूयॉर्कमध्ये सव्वादहा असतील तेव्हा लंडन, दुबई, सिंगापूर आणि टोकियोतही मिनिट काटा १५ वरच असतो. हे घड्याळ त्या जगासाठी बनलं. भारतात त्याच क्षणी मिनिट काटा ४५ वर असतो.

त्यामुळे पुण्यात बसून कितीही प्रयत्न केला तरी जीएमटी काटा न्यूयॉर्कच्या वेळेवर अचूक बसत नाही. तो कायम अर्धा तास पुढे किंवा मागे राहतो. यात घड्याळाचा दोष नाही आणि दुरुस्ती करणाराही काही करू शकत नाही.

यावर उपाय एकच आणि सोपा आहे: काटा नेहमी अर्धा तास मागे राहील असा लावायचा आणि वाचताना ३० मिनिटं मिळवायची. एकच नियम पाळला की गोंधळ होत नाही. भारतीय वेळेच्या तुलनेत काटा कुठे ठेवायचा, ते असं:

• दुबई (दीड तास मागे): काटा २ तास मागे
• लंडन, उन्हाळ्यात (साडेचार तास मागे): ५ तास मागे
• लंडन, हिवाळ्यात (साडेपाच तास मागे): ६ तास मागे
• न्यूयॉर्क-न्यू जर्सी, उन्हाळ्यात (साडेनऊ तास मागे): १० तास मागे
• न्यूयॉर्क-न्यू जर्सी, हिवाळ्यात (साडेदहा तास मागे): ११ तास मागे
• कॅलिफोर्निया, उन्हाळ्यात (साडेबारा तास मागे): १३ तास मागे
• कॅलिफोर्निया, हिवाळ्यात (साडेतेरा तास मागे): १४ तास मागे
• सिंगापूर (अडीच तास पुढे): २ तास पुढे
• टोकियो (साडेतीन तास पुढे): ३ तास पुढे

उदाहरण घ्या. जुलै महिना आहे, पुण्यात रात्रीचे ८ म्हणजे २० वाजलेत. काटा १० तास मागे, म्हणजे १० वर आहे. त्यात ३० मिनिटं मिळवा: न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा. पाऊण तासाने पुण्यात पावणेनऊ होतील, काटा १० आणि ११ च्या मध्ये, पावणेअकराच्या जागी असेल. अर्धा तास मिळवला की सव्वाअकरा.

मिनिटांसाठी आणखी एक युक्ती आहे. मिनिट काट्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला जे मिनिट येतं, तेच त्या देशातलं मिनिट. काटा १० मिनिटांवर असेल तर तिथे ४०.

परदेशात राहून भारताची वेळ पाहणाऱ्यांनाही हाच नियम लागू पडतो. न्यू जर्सीत उन्हाळ्यात काटा ९ तास पुढे ठेवा आणि ३० मिनिटं मिळवा. दुबईत १ तास पुढे ठेवा आणि ३० मिळवा.

काही ठिकाणं मात्र या कटकटीतून सुटतात. म्यानमार, अफगाणिस्तान आणि इराण यांची वेळही 'अर्ध्या तासा'ची असल्याने भारतापासून ती पूर्ण तासांच्या अंतरावर पडते. श्रीलंकेची वेळ तर भारताचीच. नेपाळ मात्र आपल्यापेक्षा १५ मिनिटांनी पुढे आहे, त्यामुळे तिथे दोन्ही युक्त्या चालत नाहीत.

फिरती कडी असेल तर?

काही घड्याळांची बाहेरची कडी फिरते. तिच्यामुळे आणखी एका देशाची वेळ वाचता येते. नियम असा: जो देश पुढे आहे, म्हणजे पूर्वेला, त्याच्यासाठी कडी तेवढे तास डावीकडे, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायची. जो मागे आहे त्याच्यासाठी उजवीकडे.

इथे अर्धा तास साधता येतो का, हे कडीच्या खटक्यांवर अवलंबून आहे. एका फेरीत २४ खटके असतील तर कडी फक्त पूर्ण तासावर थांबते. ४८ खटके असतील किंवा कडी खटक्यांशिवाय मोकळी फिरत असेल, तर ती साडेनऊ तासांवरही ठेवता येते. मग २४ चा काटा भारतीय वेळेवर ठेवायचा आणि न्यूयॉर्कची वेळ कडीवर वाचायची. भारतातल्या ग्राहकाने फिरत्या कडीचं घड्याळ घेताना हे खटके मोजून पाहिले तर पुढे उपयोग होतो.

सेटिंगचा योग्य क्रम

चावी स्क्रूची असेल तर आधी ती उलटी फिरवून मोकळी करा. ओढाओढ करू नका.

कॉलर प्रकारासाठी:

१. चावी पूर्ण बाहेर काढा आणि काटे सकाळ-संध्याकाळचा विचार न करता सहाच्या आसपास आणा. या जागी तारखेची यंत्रणा सहसा मोकळी असते.
२. चावी मधल्या टप्प्यावर आणून तारीख 'कालची' लावा.
३. पुन्हा पूर्ण बाहेर काढून काटे पुढे फिरवत राहा. तारीख बदलून आजची झाली की मध्यरात्र झाली. तिथून पुढे आताची वेळ लावा. दुपार असेल तर बाराचा टप्पा ओलांडायला विसरू नका.
४. चावी मधल्या टप्प्यावर आणून २४ चा काटा हव्या त्या आकड्यावर न्या. एका दिशेला फिरवलं की तारीख आणि दुसऱ्या दिशेला हा काटा, अशी रचना सामान्यतः असते. कोणती दिशा कशासाठी, हे मॉडेलनुसार बदलतं.
५. चावी आत ढकला आणि स्क्रूची असेल तर घट्ट करा.

यात क्रम महत्त्वाचा आहे. मुख्य वेळ फिरवताना २४ चा काटाही सोबत फिरतो. तो आधी लावून ठेवला तर पुन्हा विस्कटतो.

ट्रॅव्हलर प्रकारात क्रम उलटा आहे. आधी चावी पूर्ण बाहेर काढून २४ चा काटा आणि मिनिटं घरच्या वेळेवर लावा. नंतर मधल्या टप्प्यावर येऊन तास काटा स्थानिक वेळेवर उडवा. तारीख तास काट्यासोबत बदलते. यातल्या अनेक घड्याळांना तारखेचं वेगळं सेटिंग नसतं, तास काटा पूर्ण दोन फेऱ्या फिरवला की तारीख एका दिवसाने सरकते.

मुंबईहून दुबईला गेलेल्याला इथेही अर्धा तास आडवा येतो. तास काटा उडवून दीड तास मागे जाता येत नाही. अशा वेळी तास काटा १ तास मागे घ्यावा आणि नंतर चावी पूर्ण बाहेर काढून मिनिट काटा ३० मिनिटं मागे न्यावा. दुबईची वेळ बरोबर लागेल. २४ चा काटा मात्र भारतीय वेळेपेक्षा अर्धा तास मागे दाखवेल. म्हणजे वाचताना पुन्हा तोच नियम, ३० मिळवा.

काटा चुकतोय? किती चुकतोय ते आधी पाहा

फरक किती आहे, यावरून कारण बऱ्यापैकी ओळखता येतं.

बरोबर १२ तास: सकाळ-संध्याकाळ उलटी लागली आहे. तारीख रात्रीऐवजी दुपारी बारा वाजता बदलत असेल तर खात्रीच समजा. कॉलर प्रकारात वरचा क्रम पुन्हा पहिल्यापासून करा. ट्रॅव्हलर प्रकारात तास काटा १२ तास पुढे उडवा.

बरोबर १ तास: काही बिघडलेलं नाही, तिकडची वेळ बदलली आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. ब्रिटन आणि युरोपीय संघात हे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क आणि लंडनमधला फरक नेहमीच्या ५ तासांऐवजी ४ तासांचा असतो. पुण्यातून दोन्हीकडच्या लोकांना एकत्र मीटिंगला बोलावणाऱ्यांची या दिवसांत हमखास तारांबळ उडते. दुबई, सिंगापूर आणि जपान वेळ बदलत नाहीत. अमेरिकेत हवाई आणि अॅरिझोनाचा बहुतांश भागही बदलत नाही.

बरोबर अर्धा तास: वर सांगितलेली भारतीय प्रमाणवेळेची अडचण.

काही मिनिटं: मिनिट काटा बरोबर १२ वर असताना जीएमटी काटा नेमका एखाद्या आकड्यावर असायला हवा. मिनिट काटा ६ वर असताना तो दोन आकड्यांच्या बरोबर मध्ये हवा. किंचित फरक चालतो, पण तो मोजायचा कसा? हा काटा एका तासात १५ अंश सरकतो. तबकडीवरच्या मिनिटांच्या दोन रेघांमधलं अंतर ६ अंशांचं, म्हणजे या काट्यासाठी २४ मिनिटांचं. काटा अर्ध्या रेघेने हुकला असेल तर १२ मिनिटांचा फरक दिसतो. डोळ्यांना मोठा वाटणारा फरकही वापरात फारसा अडत नाही, कारण मिनिटं मिनिट काट्यावरच वाचायची असतात.

असा फरक येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे चाकांच्या दात्यांमधली मोकळी जागा. काटे मागे फिरवून थांबवले की ही जागा तशीच राहते आणि काटा अंमळ वाकडा बसतो. हव्या त्या वेळेच्या पाच-दहा मिनिटं मागे जाऊन मग पुढे फिरवत तिथे थांबलं, तर बऱ्याचदा काटा नीट बसतो. तरीही फरक एका रेघेहून जास्त असेल, तर काटा बसवतानाच चुकला असण्याची शक्यता आहे. तो उघडूनच सरळ करावा लागतो.

रोज थोडा-थोडा फरक: एक सोपी चाचणी करा. रात्री ९ वाजता काट्याचा जवळून फोटो काढा आणि दुसऱ्या दिवशी बरोबर ९ वाजता पुन्हा काढा. दोन्ही फोटोंत काटा एकाच जागी हवा. सरकलेला असेल, पण तास आणि मिनिट काटे बरोबर असतील, तर काटा त्याच्या दांड्यावर सैल झाला आहे किंवा आतली स्प्रिंग त्याला धरून ठेवत नाहीये. घड्याळ पडल्यानंतर असं होऊ शकतं. पूर्ण घड्याळच पुढे किंवा मागे जात असेल, तर मात्र जीएमटी काट्याचा त्यात दोष नाही. चुंबकाजवळ ठेवल्याने यांत्रिक घड्याळ पुढे धावू शकतं. स्पीकर आणि चुंबकाचं झाकण असलेली फोनची कव्हरं ही नेहमीची कारणं.

काटा जागचा हलतच नाही: आधी चावी पूर्ण आत आहे का पाहा. क्वार्ट्झ घड्याळ असेल तर सेल तपासा. काही घड्याळांत सेल संपत आला की सेकंद काटा एकेक सेकंदाऐवजी काही सेकंदांची उडी मारू लागतो. बाकीचे काटे चालतायत आणि हाच थांबलाय, तर तो तबकडीला किंवा दुसऱ्या काट्याला घासत असावा. अशा वेळी चावी जोरात फिरवू नका, दाते तुटू शकतात.

रात्री ९ ते पहाटे ३: हात लावू नका

तारीख बदलणारं चाक मध्यरात्रीच्या काही तास आधीच तारखेच्या चकतीला भिडतं आणि नंतरही थोडा वेळ तिच्या संपर्कात राहतं. त्या काळात चावीने तारीख बदलायचा प्रयत्न केला तर दोन्हीकडून जोर येतो आणि दाता तुटू शकतो. कॉलर प्रकारात जीएमटी काटा आणि तारीख एकाच टप्प्यावर असल्याने, काटा लावताना चुकून चावी उलट फिरली तरी हाच धोका असतो. काही आधुनिक घड्याळांत यापासून संरक्षण असतं, पण तुमच्या घड्याळात ते आहे याची खात्री नसेल तर हा काळ टाळलेला बरा. अमेरिकेशी बोलण्याची वेळ आणि ही धोक्याची वेळ नेमकी एकच असल्याने भारतातल्या वापरकर्त्यांनी हे विशेष लक्षात ठेवायला हवं. काटा दिवसा लावून ठेवा.

दुरुस्तीहून आल्यावर काय तपासायचं?

घड्याळ उघडलं की काटे काढून पुन्हा बसवावे लागतात. हा चौथा काटा नेमका बसवणं किचकट असतं. म्हणून दुकानातच एक चाचणी करून घ्या. २४ चा काटा मुख्य वेळेशी जुळवा आणि काटे पुढे फिरवत मध्यरात्रीपर्यंत न्या. तास आणि मिनिट काटे १२ वर, जीएमटी काटा २४ वर आणि तारखेचा बदल, हे तिन्ही जवळजवळ एकाच सुमारास व्हायला हवं. तारीख दहा-पंधरा मिनिटं अलीकडे-पलीकडे बदलली तर काळजी नाही. तास-दोन तासांचा फरक असेल तर काटे पुन्हा बसवायला सांगा. नंतर काटा सगळ्या २४ आकड्यांवरून एकदा उडवून पाहा. प्रत्येक आकड्यावर तो सारखाच थांबला पाहिजे.

साध्या घड्याळावरही एक युक्ती

जीएमटी काटा नसलेल्यांसाठीही भारतीय वेळेने एक गंमत ठेवली आहे. भारत आणि लंडनमध्ये हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक असतो. त्या काळात भारतीय वेळ दाखवणारं साधं काट्यांचं घड्याळ उलटं धरलं, म्हणजे ६ वर आणि १२ खाली, तर ते लंडनची वेळ दाखवतं. भारतात दुपारचे २ वाजले असताना उलट्या घड्याळात साडेआठ दिसतील, आणि लंडनमध्ये तेव्हा सकाळचे साडेआठच वाजलेले असतात. तास काटा थोडा मागे वाटतो, पण अंदाज बरोबर येतो. लंडनची घड्याळं मार्चअखेर पुढे सरकली की ही युक्ती ऑक्टोबरअखेरपर्यंत चालत नाही.

फोन असताना या काट्याची गरज आहे का?

फोनमधलं जागतिक घड्याळ अर्धा तास, पाऊण तास आणि उन्हाळी-हिवाळी वेळ हे सगळं आपोआप सांभाळतं. मनगटावरच्या काट्याला यातलं काहीच कळत नाही. तो फक्त तुम्ही सांगितलेला फरक जपत राहतो. म्हणून नोकरीची मुलाखत, व्हिसाची अपॉइंटमेंट किंवा विमानाची वेळ अशा गोष्टींसाठी फक्त त्याच्या भरवशावर राहू नये. विशेषतः मार्च, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये फोनवर एकदा खात्री करावी.

पण तिकडे आत्ता मध्यरात्र आहे की दुपार, फोन लावला तर कोणाची झोप मोडेल का, एवढं जाणून घ्यायला तो पुरेसा आहे. त्यासाठी फोन उघडावा लागत नाही आणि चार्जिंगही लागत नाही. वर्षातून चार तारखा, म्हणजे अमेरिकेच्या दोन आणि ब्रिटन-युरोपच्या दोन, कॅलेंडरवर लिहून ठेवल्या आणि '३० मिळवा' हा नियम लक्षात ठेवला, की चौथा काटा आपलं काम चोख करतो.